सांसवाली हवेली आणि साडेचार फूट

मैत्रेय आणि मित्रा,

परवा तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. अकोल्याच्या जुन्या शहरातली भुताची हवेली, भिंतीत चिणलेला खजिना, आणि मागे सतत वाजणारं भीतिदायक संगीत. त्याखाली मित्राचा प्रश्न: "आजी, मध्येच जो नकाशा दाखवतात त्यावर तुझी सही आहे का?"

आहे. नकाशा माझा, सही माझी, अक्षरही माझंच. भूत नव्हतं आणि खजिनाही नव्हता. व्हिडिओ करणाऱ्याने नीट चौकशी केली नाही, पण त्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. का नाही, ते सांगायला हे लिहिते आहे. हवेली आता नाही, आणि तिच्याबद्दल ज्यांना माहीत आहे अशी माणसंही फार उरली नाहीत. इंटरनेटवर तुम्हाला खजिनाच सापडेल. म्हणून घडलं ते क्रमाने वाचा.

हवेलीच्या दिवाणखान्यात मी जमिनीवर कागद पसरून बसले होते आणि बेरीज जुळत नव्हती.

घराची उत्तर-दक्षिण लांबी बाहेरून एकसष्ट फूट भरत होती. आतून सगळ्या खोल्या, चौक आणि सगळ्या भिंतींची जाडी मिळवली की साडेछप्पन्न. साडेचार फूट कुठेतरी हरवत होते.

माझं काम तुम्हाला ढोबळ माहीत आहे. जुनी इमारत न पाडता कशी टिकवायची, हे शिकलेल्या माणसाला कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट म्हणतात. या कामाची पहिली पायरी म्हणजे मेझर्ड ड्रॉइंग. इमारत आज जशी उभी आहे तशी इंच-इंच मोजून कागदावर उतरवायची. एका खोलीतले दार, खिडकी, कोनाडा असे तुकडे वेगळे मोजून बेरीज करत नाहीत, कारण मग छोट्या चुका साठत जातात. खोलीच्या एका कोपऱ्याला शून्य धरायचं आणि टेप तिथेच ठेवून पुढे पुढे आकडे वाचत जायचं. मी तसंच केलं होतं. चूक दोन-तीन इंचांची होऊ शकते, साडेचार फुटांची नाही.

ही हवेली मोर्णेच्या काठच्या जुन्या वस्तीत होती. गल्ली इतकी अरुंद की ऑटो शेवटच्या वळणावर सोडावा लागे. अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस थांबला आणि विलायतेच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं, त्या तेजीत ज्या घराण्यांचं नशीब उघडलं त्यांतल्या एका अडत्याने ती बांधली. चौक आणि भोवतीच्या खोल्या आपल्या पद्धतीच्या. दर्शनी भागाचे ओतीव लोखंडाचे खांब परदेशातून बोटीने आणि मग रेल्वेने आलेले. लाकूड ब्रह्मदेशी सागवान. कमानी कुणा हैदराबादी कारागिराच्या हातच्या असाव्यात, कारण तसा बाक इकडचे गवंडी काढत नाहीत. एवढ्या चार जातींच्या गोष्टी एकत्र आणूनही घर बेढब दिसत नव्हतं. आणि पडकं तर मुळीच नव्हतं. एकही तुळई वाकलेली नव्हती.

उन्हाळ्यात दुपारी दोन-अडीचनंतर दिवाणखान्याच्या उत्तरेकडच्या भिंतीतून लांब सुस्कारा ऐकू येई. मग थोडा थांबून दुसरा. मोहल्ल्यात तिला 'सांसवाली हवेली' म्हणत. कुणी म्हणे भिंतीत माणूस आहे, कुणी म्हणे चांदी आहे आणि राखणाऱ्या नागाचा तो फुत्कार आहे.

मालक दिगंबरराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. घरात एकटेच राहत. पण कागदोपत्री मालक तिघे होते, आणि त्यांतला पुण्याचा पुतण्या प्रशांत तिसऱ्याला बरोबर घेऊन घर बिल्डरला द्यायला बसला होता. दिगंबररावांपुढे एकच वाट उरली होती. इमारतीचं नाव संरक्षित वारसा इमारतींच्या यादीत आलं, तर समितीच्या परवानगीशिवाय ती पाडता येत नाही. यादीत येण्यासाठी समितीला रिपोर्ट आणि मेझर्ड ड्रॉइंग लागतं. त्यासाठी त्यांनी मला अमरावतीहून बोलावलं होतं.

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. माझे ड्राफ्ट्समन कावीळ होऊन पडले होते. दिगंबरराव म्हणाले, "आमच्या गिरजाबाई धरतील की."

गिरजाबाई साधारण माझ्याच वयाच्या. नऊ वर्षांच्या असताना आईबरोबर या घरी कामाला आल्या, त्या तिथेच राहिल्या. मागच्या अंगणातल्या दोन खोल्या त्यांच्या. नवरा वारलेला, मुलगी वलगावला दिलेली.

"किती जोरात ओढू वो बाई?"

"नुसती ताणून धरा. झोल नको."

"झोल नाई पडू देत. जनमभर दोऱ्याच ताणल्या, यायच्या कपड्यायच्या."

चार दिवस त्यांनी टेप धरली. एकदाही टोक सरकलं नाही. शेवटच्या दिवशी मी तीच उत्तर-दक्षिण लांबी तिसऱ्यांदा मोजायला घेतली तेव्हा मात्र त्यांनी टेप खाली ठेवली.

"कावून पुन्हा पुन्हा मोजून राह्यल्या?"

"साडेचार फूट सापडत नाहीत."

"मंग मले इचाराचं. ते त्या भितीत हायेत." त्यांनी दिवाणखान्याच्या उत्तरेच्या भिंतीवर थाप मारली. "हे एक भित नाई, दोन हायेत. मंधात हवेचा रस्ता. गच्चीवरून वारं आत येते, खाली इहिरीवरून जाते, अन् इथून गार होऊन निंगते."

इथून म्हणजे जमिनीलगतच्या तीन दगडी जाळ्यांतून. त्या जाळ्या मी 'डेकोरेटिव्ह' म्हणून लिहून मोकळी झाले होते.

"खाली विहीर आहे?"

"तळघरात. आमी पोरी उन्हायात गोणपाटं भिजवून त्या रस्त्याच्या तोंडाशी टांगत होतो. वर मालक लोक जेवत, त्याईले पंखा नाई लागे. आमी खाली भिजून कुडकुडत होतो, अन् बाहेर एवढी ऊन!" त्या हसल्या. "आता वरचं तोंड टीन ठोकून बंद केलं. तरी फटीतून वारं घुसतेच. त्याचाच आवाज. लोकं म्हन्ते भूत."

"तळघर बंद का केलं?"

गिरजाबाईंनी दिवाणखान्याशेजारच्या बोळातल्या फरशीकडे पायाने दाखवलं. शहाबादीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा नवा होता. "मोठ्या वैनी, दिगंबरभाऊच्या भावजय, गेल्या तवा. इथंच पायऱ्या होत्या. त्या खाली उतरल्या, ते वर आल्याच नाई. तिसऱ्या दिवशी फरशी बसली. कोनी इचारलं नाई अन् कोनी सांगलं नाई."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. गच्चीवर जाऊन पाहिलं. पश्चिमेकडे तोंड असलेला एक बुटका मनोरा होता, पत्रे ठोकून बंद केलेला. गिरजाबाईंचं म्हणणं अगदी चपखल बसत होतं.

चहाच्या वेळी मी दिगंबररावांना विचारलं, "सर, दिवाणखान्यामागे तळघर आहे का?"

बशीत कप वाजला. "कुणी सांगितलं?"

"गिरजाबाई म्हणाल्या. हवेचा मार्ग आहे, खाली विहीर आहे. ती फरशी एकदा उचलून बघता आली तर—"

"खाली काही नाही. नोकरमाणसं काहीही सांगतात, मॅडम. तुम्ही शिकलेल्या आहात. कागदावर काय लिहायचं ते तुम्हाला कळतं."

इथे मला थांबून एक गोष्ट कबूल करायची आहे. माझी आजी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जात असे. म्हणजे कापसातला कचरा वेचून काढायचा, दिवसभर. अशा घराच्या ओसरीवर ती कधी चढली नसती, कुणी चढू दिलं नसतं. आणि मी दिवाणखान्यात त्यांच्या कपातून चहा पीत होते, आणि त्या घरचा माणूस मला 'तुम्ही शिकलेल्या' म्हणत होता. ते मला गोड लागलं. मी फरशी उचलायचा हट्ट धरला नाही.

अमरावतीला परत येऊन ड्रॉइंग पूर्ण केलं. आमच्या धंद्यात नियम आहे: जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते ड्रॉइंगवर येत नाही. मी तो नियम आयुष्यभर पाळला. त्या साडेचार फुटांवर बारीक रेघांची हॅचिंग केली, बाण काढला आणि लिहिलं: 'सील्ड कॅव्हिटी. पर्पज अननोन.' म्हणजे बंद पोकळी, कारण अज्ञात.

मालक नाही म्हणत होते, मोलकरीण हो म्हणत होती. मी दोघांचंही घेतलं नाही. हा तटस्थपणा आहे असं मला वाटलं. आज वाटतं, मी मालकांचंच घेतलं होतं, फक्त इंग्रजीत.

यादीत नाव घालण्याआधी कागदपत्रांची प्रत सगळ्या सहमालकांना पाठवावी लागते. महिन्याभराने मला पुण्याहून फोन आला.

"मॅडम, प्रशांत बोलतोय. काकांच्या घराचं ड्रॉइंग मिळालं. एकदम प्रोफेशनल काम आहे हं. त्या कॅव्हिटीत काय आहे?"

"अज्ञात, असं लिहिलंय."

"म्हणजे काहीही असू शकतं."

"म्हणजे मला माहीत नाही."

"ओके, ओके. आमच्या पणजोबांची चांदी कुठे गेली ते घरात कुणालाच माहीत नाही. आणि आता तुमच्यासारख्या एक्स्पर्टनेच लिहिलंय, की पोकळी आहे आणि ती सील केलेली आहे. म्हणून विचारलं."

"त्या भिंतीला हात लावू नका. ती लोड-बेअरिंग आहे. वरच्या मजल्याच्या तुळयांची टोकं तिच्यात बसली आहेत. ती गेली तर मजला खाली येईल."

"छे हो, मॅडम. आपण सुशिक्षित लोक आहोत."

तेव्हाही मी म्हणू शकले असते, की बाबा रे, ती हवेची वाट आहे आणि खाली पाणी आहे. नाही म्हटलं. माझ्याकडे पुरावा नव्हता.

दिगंबरराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले, त्या आठवड्यात एका सुट्टीच्या सकाळी गिरजाबाईंचा फोन आला. मागे ड्रिलचा आवाज येत होता.

"बाई, लवकर या. दोन मशिनी लावल्या. भित फोडून राह्यले."

"कोण?"

"प्रशांतभाऊ अन् चार मानसं. मी म्हटलं, भाऊ, अथी पानी हाये खाली, तुमची चांदी नाई. तर मले म्हने, म्हातारे, तुले काय समजते? नकाशात तसं लिहेलच नाई."

"त्यांना फोन द्या."

"घेत नाईत."

"मग तुम्ही तरी घराबाहेर पडा. आत्ता. गल्लीत जाऊन उभ्या राहा."

मी पोलिसांना फोन केला, समितीच्या सचिवांना केला. सुट्टी होती. मिळेल ती एस.टी. पकडून दुपारी अकोल्यात पोहोचले. गल्लीत माणसं उभी होती. उत्तरेचा वरचा मजला खाली आला होता. मागची भिंत बाहेर पडली होती, ती नेमकी गिरजाबाईंच्या दोन खोल्यांवर. एका मजुराचा खांदा मोडला होता. बाकी माणसं वाचली. प्रशांत गल्लीच्या वळणावर उभ्या केलेल्या कारमध्ये काचा वर करून फोनवर बोलत होता.

भगदाडातून आत पाहिलं. साडेचार फूट रुंदीचा उभा मार्ग, आतून घोटलेल्या चुन्याचा, इतका गुळगुळीत की त्यावर अजून उजेड चमकत होता. तळाला विहीर. तिच्या काठावर गोणपाटं टांगायचे लोखंडी आकडे ओळीने ठोकलेले. बाहेर अकोल्याचा उन्हाळा होता आणि त्या खड्ड्यातून माझ्या तोंडावर गार वारा येत होता. एवढ्या चतुराईने बांधलेली गोष्ट मी वऱ्हाडात दुसरी पाहिली नाही. पाहिली ती मेल्यावर.

आठवड्याने समितीची साइट व्हिजिट झाली. दिगंबरराव काळा चष्मा लावून आले होते. भगदाडापुढे जाऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, खाली विहीर आहे असं तुम्ही लिहायला हवं होतं."

"तुम्ही नाही म्हणालात, सर."

"मी म्हणणारच. मी घरचा माणूस आहे. तुम्ही कशाला ऐकलंत?"

मी समितीच्या सचिवांकडे वळले.

सचिव साहेब फाइल उघडून उभे होते. मी म्हटलं, "उत्तरेची बाजू पुन्हा बांधता येईल. बाकी तीन बाजू धडधाकट आहेत. आणि हा हवेचा मार्ग पाहा, यासाठी तरी ही इमारत यादीत घ्यायला हवी."

"मॅडम, तुमच्याच ड्रॉइंगमध्ये कॅव्हिटी लिहिली आहे. म्हणजे भिंत आतून पोकळ होती. मूळ स्ट्रक्चरच कमकुवत."

"ती पोकळी बांधलेली आहे. मुद्दाम. हवेसाठी."

"तसं तुमच्या रिपोर्टमध्ये कुठे आहे?"

"नाही."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"सांगितलं होतं. गिरजाबाईंनी."

"या कोण?"

गिरजाबाई चार पावलांवर उभ्या होत्या. कोसळलेल्या विटांतून त्यांनी एक पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आणि दोन लुगडी काढली होती, ती घेऊन.

"इथे काम करतात. लहानपणापासून."

"अच्छा," साहेब म्हणाले आणि फाइल मिटली. "असं तोंडी काही आपल्याला धरता येत नाही ना, मॅडम. तुम्ही तर जाणता."

जाणत होते. माझाच नियम ते मला वाचून दाखवत होते.

इमारत धोकादायक ठरली. यादीत घेण्याचा प्रस्ताव बारगळला. पाडायची परवानगी मिळाली, आणि परवानगीच्या कागदांना माझं ड्रॉइंग जोडलेलं होतं, पोकळीभोवती लाल पेनाने गोल करून. प्रशांतला चांदी मिळाली नाही, पण पाडायला घर मिळालं. त्याला तेच हवं होतं. भिंत फोडताना त्याने खरंच चांदी शोधली, की मजला पडेल हे मी सांगितलं म्हणूनच ती फोडली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दिगंबरराव पुण्याला एका वृद्धाश्रमात गेले. मला त्यांचं एकही पत्र आलं नाही आणि मीही लिहिलं नाही.

दिवाळीनंतर मी वलगावला गेले. गिरजाबाई मुलीच्या घरी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलीने खुर्ची दिली. मी खुर्चीत न बसता त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांनी माझ्यापुढे शेंगांचा ढीग सरकवला आणि मीही सोलायला लागले.

"बरं चाललंय?"

"चालते. पोरगी चांगली हाये. जावई बी. पन दुसऱ्याचं घर ते दुसऱ्याचंच."

"गिरजाबाई, माझी चूक झाली. तुमचं ऐकायला हवं होतं."

त्यांनी शेंग सोलून दाणे सुपात टाकले. "ऐकलं तर होतं तुमी. वहीत लिहून बी घेतलं होतं माह्या समोर."

"हो."

"मंग त्या मोठ्या कागदावर कावून नाई लिहिलं?"

मी म्हटलं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं म्हणून.

"मी पाह्यलं होतं ना," गिरजाबाई म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. मला शेंगा सोलायला लावल्या, जेवायला घातलं आणि एस.टी.पर्यंत पोहोचवायला आल्या.

त्यानंतर मी कामाची एकच पद्धत बदलली. माझ्या ऑफिसच्या ड्रॉइंगवर उजव्या कोपऱ्यात मोजणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव असायचं. त्याखाली मी तिसरा रकाना घातला: 'माहिती कुणी दिली.' तुम्ही कुठलाही व्यवसाय केलात तरी 'अज्ञात' हा शब्द लिहिण्याआधी, कोणाला ज्ञात आहे याची चौकशी करा. आणि तो माणूस सापडला तर त्याचं नाव लिहा. हा शहाणपणा मला निवृत्तीच्या वयात आला आणि हवेलीला त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्या जागी आता पाच मजली इमारत आहे. दक्षिणेची बावीस फूट भिंत शेजारच्या घराला टेकलेली होती, ती पाडता आली नाही, म्हणून ती आहे. लोखंडी खांबांपैकी दोन एका मंगल कार्यालयाच्या दारात सोनेरी रंग लावून उभे आहेत. विहीर बुजवली नाही. ती पार्किंगच्या स्लॅबखाली आहे, तिला पंप बसवला आहे, आणि त्या पाण्याने इमारतीतले लोक आपल्या गाड्या धुतात.